मदत हवी आहे: फोन नको, साधा म्युझिक प्लेयर हवा

उपवनवाली
दीड वर्षात हा तिसरा एमपीथ्री प्लेयर. बटणं आहेत, आवाज बरा आहे, पण बंद करून चालू केला की फाईल पहिल्यापासून सुरू. आलाप पाठ झालाय, द्रुत अजून कानावर पडलेलं नाही. चांगलं मॉडेल सांगा, नाहीतर ठाण्यात हाताळून बघता येईल असं दुकान. लवकर सांगा, परत करायची मुदत रविवारी संपतेय.

रबाळे_लोकल
मोबाईल आहे ना? मग?

उपवनवाली
तो घरी ठेवायचा म्हणूनच हा खटाटोप! खिशात असला की उपवन तलावाची एक फेरी होईस्तोवर ऑफिसचे तीन फोन. मोबाईल सोडून बोला.

जुनं_ते_सोनं
सेकंडहँड आयपॉड क्लासिक घ्या. आयट्यून्समध्ये फाईलला एक खूण केली की थांबलेली जागा लक्षात राहते. माझा अजून ठणठणीत आहे.

फ्लॅकभक्त
क्लासिक २०१४ ला बंद झाला, २०२२ ला ॲपलने आयपॉडचं दुकानच आवरलं. त्याची बॅटरी कोण बदलून देणार? ताई, जुना सॅनडिस्क क्लिप प्लस मिळाला तर त्यावर रॉकबॉक्स हे फुकट सॉफ्टवेअर टाका, थांबलेली जागा लक्षात ठेवणाऱ्या बुकमार्कची सोय आहे. आणि एमपीथ्री कशाला? फ्लॅक करून घ्या, त्या फॉरमॅटमध्ये मूळ आवाजातलं काही गळत नाही.

जुनं_ते_सोनं
म्हणजे तुमचा क्लिप प्लस कालच बाजारात आला वाटतं.

कोपरखैरणे_सेक्टर
कार्ड किती जीबीचं? ३२ च्या वरची कार्डं एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात, स्वस्त प्लेयरला बऱ्याचदा जुना फॅट३२ फॉरमॅटच लागतो.

उपवनवाली
३२. गाणी वाजतायत हो! जागा विसरतो, एवढंच.

आईसाठी_घेतलं
आमच्या आईला कारवां घेऊन दिला, तो रेडिओसारखा स्पीकर. पाच हजार गाणी आधीच भरलेली. खूश आहे.

रबाळे_लोकल
तो खांद्यावर घेऊन उपवनला फिरायचं का?

कोपरखैरणे_सेक्टर
फाईल किती लांबीची आहे, ते कोणी विचारलंच नाही.

उपवनवाली
तीन तास. बाबांनी खाजगी मैफली टेप केल्या होत्या, त्या.

फ्लॅकभक्त
हे आधी सांगायचं ना! कॅसेट असेल तर फ्लॅक राहू द्या. टेपची खरखर जपून काय करणार.

कोपरखैरणे_सेक्टर
पण नव्वदच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. तीन तास एका फाईलमध्ये कसे?

उपवनवाली
भाच्याने चारही बाजू जोडून दिल्या. म्हणे, सलग ऐकता येईल.

कोपरखैरणे_सेक्टर
मग भाच्याकडून सुट्या फाईली मागा. नावापुढे ०१, ०२ घाला आणि त्याच क्रमाने कार्डावर चढवा. काही प्लेयर नाव बघत नाहीत, आधी चढलेली फाईल आधी वाजवतात.

फ्लॅकभक्त
एमपीथ्रीच्या सांध्यावर क्षणभर खंड पडतो. ठेका चुकल्यासारखं वाटतं.

उपवनवाली
बाबा कॅसेट पलटायचे तेव्हा दोन आवर्तनं तशीही गेली आहेत. भाच्याच्या पेन ड्राईव्हवर मूळ फाईली आहेत, आत्ताच विचारलं. आज चौथ्या बाजूपासून लावते. प्लेयर तूर्तास परत करत नाही. चार्जिंगची पिन ढिली आहे, पण त्याचा वेगळा धागा काढेन.

जुनं_ते_सोनं
कोणाची मैफल आहे, ते तरी सांगा!

आईसाठी_घेतलं
उपवनला सकाळी सहाला पार्किंग मिळतं का?