मदत हवी आहे: उष्ण कटिबंधातलं मोठं शहर निवडताना नेमकं काय बघायचं?

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पण माझं डोकं चालेनासं झालंय.

आम्ही तिघं. आईचे गुडघे थंडीत आखडतात, नवऱ्याला दमा आहे आणि मला गाडी चालवता येत नाही (शिकायचीही नाही). दोघांची कामं घरून होतात, त्यामुळे कुठे राहायचं ते आमच्या हातात आहे. एवढंच ठरलंय की आता बर्फ नको. शहर मोठंच हवं, कारण मेट्रो आणि चांगली इस्पितळं दोन्ही लागणार. व्हिसा आणि खर्चाचा हिशेब मी वेगळा करतेय, त्यात इथे शिरू नका.

तक्ता करायला बसले आणि पहिल्याच रकान्यात अडकले. हवामानाचे प्रकार पाडणाऱ्या कोपेनच्या वर्गीकरणात सर्वांत थंड महिन्याची सरासरीही १८ अंशांच्या वर असेल तरच हवामान उष्ण कटिबंधीय. नकाशावरचा कटिबंध (कर्कवृत्त ते मकरवृत्त) वेगळाच. मायामी कर्कवृत्ताच्या बाहेर असूनही व्याख्येत बसतं. इक्वेडोरमधलं कीटो जवळजवळ विषुववृत्तावर, पण २,८५० मीटर उंचीवर, म्हणून थंड आणि व्याख्येबाहेर. कोलंबियातल्या बोगोटाची सरासरी तर १४ अंशांच्या आसपास. आईला सांगितलं, तर म्हणाली, "मग त्या विषुववृत्ताचा उपयोग काय?"

मनिला आणि हाँगकाँग वादळांमुळे खोडली. जकार्ता खोडलं, कारण जमीनच खचतेय. राजधानी हलवायची घोषणा २०१९ मध्ये उगाच नाही झाली. उरली सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक आणि कोलंबियातलंच मेदेयीन. सध्या मेदेयीन पहिलं: उंची साधारण १,५०० मीटर, वर्षभर सरासरी २२ अंश, १९९५ पासून मेट्रो आणि डोंगरउतारावरच्या वस्त्यांसाठी केबल कार. माझं काही चुकतंय का? अजून कोणते रकाने घालू?

प्रतिसाद १

सरासरी तापमानाचा रकाना आधी पुसा. त्या जागी दवबिंदू घाला (हवेतल्या वाफेचं ज्या तापमानाला पाणी होऊ लागतं ते; तो जितका जास्त, तितकी हवा दमट). सिंगापुरात पारा ३७ च्या वर गेल्याची नोंद नाही, हे वाचून लोक फसतात. तिथला दवबिंदू बाराही महिने २४ च्या घरात असतो. म्हणजे घाम येतो, पण वाळत नाही. वर रात्रीही पारा २४-२५ च्या खाली क्वचितच जातो, त्यामुळे शरीराला उसंत नाही. कोरड्या गावातले ३७ अंश आणि तिथले ३२ यांत मी डोळे मिटून ३७ घेईन.

वादळांचं मात्र बरोबर ओळखलंत. विषुववृत्तापासून पाचेक अंशांच्या आत पृथ्वीच्या फिरण्याचा जोर इतका कमी पडतो की वाऱ्यांना चक्राकार वळणच मिळत नाही. अपवाद आहे: डिसेंबर २००१ मध्ये 'वामेई' हे वादळ सिंगापूरच्या अगदी जवळ तयार झालं होतं. पण अशा अपवादासाठी शहर खोडू नका.

प्रतिसाद २

दमा आहे ना? मग मेदेयीनला पहिला नंबर देण्याआधी थांबा. शहर अरुंद खोऱ्यात आहे. मार्चच्या सुमारास ढग खाली बसतात, वर झाकण घातल्यासारखं होतं आणि वाहनांचा धूर आतच कोंडतो. जी उंची आईंना सुखाची, तिच्यासोबतचं खोरं यजमानांच्या मुळावर येईल.

बँकॉकचीही तीच गत. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला सर्वांत सुसह्य काळ आणि बारीक धूलिकण नेमके तेव्हाच वाढतात. सिंगापूर-क्वालालंपूरला एरवी हवा ठीक, पण सुमात्रातल्या दलदली पेटल्या की धुरकं समुद्र ओलांडून येतं. जून २०१३ मध्ये सिंगापूरचा प्रदूषण निर्देशांक ४०० च्या पार गेला होता. दरवर्षी असं होत नाही, कोरड्या वर्षी होतं. म्हणून वार्षिक सरासरी न बघता सर्वांत वाईट महिना बघा.

प्रतिसाद ३

पनामा सिटी कशी सुटली? वादळांचा नेहमीचा मार्ग तिच्या उत्तरेकडून जातो, २०१४ पासून मेट्रो आहे, आणि डिसेंबर ते एप्रिल कोरडा ऋतू, त्यात चांगला वारा. उरलेले महिने मात्र पाऊस आणि चिकचिक, हे आधीच सांगून ठेवतो. डास सगळीकडेच. डेंगीचा रकाना घालाल तर तुमच्या यादीतलं एकही शहर कोरं राहणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. दवबिंदू आणि 'सर्वांत वाईट महिना' असे दोन रकाने घातले. मेदेयीन चौथ्यावर गेलं (वाईट वाटलं), पनामा सिटी आत आली आणि सिंगापूर वर सरकलं.

पण नवीनच घोळ झालाय. बाहेर घाम वाळत नाही म्हणून मेट्रो, दुकानं, इस्पितळं सगळीकडे एसी. थंडीला कंटाळून आईला तिकडे न्यायचं आणि दिवसभर एसीत बसवायचं! गुडघेदुखी असलेलं माणूस घेऊन अशा शहरात कुणी राहिलंय का? घरात नुसत्या पंख्यावर आणि खिडक्यांवर भागतं का, निदान रात्री? आणि भागत असेल तर कितव्या मजल्यावर?