‘लिंक्स’ म्हणजे कोणतेही गोल्फचे मैदान नव्हे

प्रश्न : ‘द ओपन’ या गोल्फ स्पर्धेच्या मराठी बातम्यांत ‘लिंक्स’ हा शब्द कधी ‘गोल्फचे मैदान’, तर कधी ‘समुद्रकिनाऱ्यावरचे मैदान’ असा उलगडलेला दिसतो. नेमका अर्थ कोणता? ‘लिंक’ म्हणजे दुवा, याच्याशी त्याचे नाते आहे काय? मराठीत ‘पुळणमाळ’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : दुव्याशी नाते नाही. समुद्र आणि शेतजमीन यांना जोडणारी जमीन म्हणून ‘लिंक्स’, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड असली तरी मागाहून जुळवलेली आहे. जुन्या इंग्रजीत ‘ह्लिंक’ म्हणजे उंचवटा. त्यावरून स्कॉटलंडमध्ये किनाऱ्यालगतच्या वालुकामय, उंचसखल, आखूड गवताच्या जमिनीला हे नाव पडले. शब्द मुळात जमिनीच्या प्रकाराचा आहे, खेळाचा नव्हे. तेथे खेळ रुजला म्हणून तो खेळाला चिकटला.

त्यामुळे ‘समुद्रकिनाऱ्यावरचे मैदान’ हाही अर्थ अपुरा ठरतो. कॅलिफोर्नियातील पेबल बीच समुद्राला खेटून आहे आणि त्याच्या नावातही ‘लिंक्स’ आहे, पण ते कड्यावर वसलेले असल्याने जाणकार त्याला लिंक्स मानत नाहीत. ओपन मात्र १८६० साली स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे सुरू झाल्यापासून लिंक्सवरच खेळली जाते, आणि या शब्दाचा अर्थ चुकला की त्या स्पर्धेतील गुणफलकाचाही अर्थ लागत नाही. वाळूत पाणी लगेच मुरते, जमीन टणक राहते, चेंडू पडल्यावर बराच घरंगळतो. आणि वाऱ्याला अडवणारी झाडे जवळजवळ नसतात. स्कॉटलंडमधीलच सेंट अँड्र्यूज येथे २०१० साली रोरी मॅकिलरॉयने पहिल्या दिवशी ६३ फटक्यांत फेरी संपवली (गोल्फमध्ये फटके जितके कमी, तितके चांगले). दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि त्याच मैदानावर त्याच खेळाडूला ८० फटके लागले. २०१५ साली तर तेथेच हिरवळीवर (चेंडू ज्यात टाकायचा त्या खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) ठेवलेले चेंडू वाऱ्याने आपोआप सरकू लागले, खेळ थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली.

मैदानाची आखणीही वाऱ्याला धरूनच वाचावी लागते. सेंट अँड्र्यूजची वाट साधारणपणे किनाऱ्याच्या कडेने दूर जाते आणि तशीच परत येते, त्यामुळे जाताना पाठीशी असलेला वारा येताना तोंडावर येतो. म्यूरफील्ड या स्कॉटलंडमधील दुसऱ्या मैदानात मात्र फेरीतील अठरा खळग्यांपैकी पहिल्या नऊंचे वर्तुळ घड्याळाच्या दिशेने आणि पुढच्या नऊंचे त्याच्या आत उलट दिशेने फिरते, म्हणून तेथे वाऱ्याचा अंदाज सतत बदलावा लागतो. २००२ साली तेथेच वादळी पावसात टायगर वूड्सला शनिवारी ८१ फटके लागले. हवा निवळल्यावर रविवारी ६५ पुरले.

वाळूच्या खड्ड्यालाही, म्हणजे ‘बंकर’ला, येथे वेगळे रूप असते. वाऱ्याने वाळू उडून जाऊ नये म्हणून तो अरुंद आणि खोल ठेवतात. त्याची समोरची भिंत मुळांसकट कापलेल्या गवताच्या लाद्या विटांसारख्या एकावर एक रचून उभी करतात, आणि आत उतरलेल्या खेळाडूला पुष्कळदा तेवढी भिंतच दिसते. सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या खळग्याजवळच्या अशा खड्ड्यात १९७८ साली जपानच्या नाकाजिमाचा चेंडू हिरवळीवरून घरंगळत गेला. बाहेर काढता काढता त्या एकाच खळग्याला नऊ फटके झाले आणि तो खड्डा ‘नाकाजिमाची वाळू’ म्हणून ओळखला जाऊ लागला. सपाट, पसरट खड्डा डोळ्यांपुढे ठेवणाऱ्या वाचकाला या नावातील चेष्टा समजणार नाही.

‘पुळणमाळ’ मला पटत नाही. कोकणात पुळण म्हणजे लाटांच्या काठची मोकळी वाळू. माळ म्हटला की मुरमाड, कोरडी जमीन आठवते. दोन्ही जोडून तिसरीच जमीन उभी राहत नाही. त्यापेक्षा पहिल्या उल्लेखात ‘समुद्राकाठची गवताळ वालुकामय जमीन, म्हणजे लिंक्स’ असे एकदाच लिहावे आणि पुढे ‘लिंक्स’च वापरावा.

पुरवणी : याच बातम्यांत आणखी दोन स्कॉट शब्द फसवतात. स्कॉटलंडमधील कार्नूस्टी मैदानावरच्या ‘बॅरी बर्न’चा जळण्याशी संबंध नाही, ‘बर्न’ म्हणजे ओढा, आणि १९९९ साली विजय हाताशी असताना फ्रान्सच्या व्हान द व्हेल्डेचा चेंडू अठराव्या खळग्यावर त्यातच गेला. दुसरा शब्द ‘हार’. पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून येणाऱ्या गार धुक्याला तेथे हेच नाव आहे. म्हणून ‘हारमुळे खेळ थांबला’ असे भाषांतरित वाक्य दिसले, तर कोण हरले ते शोधत बसू नये.