युरिक ॲसिड 7.8 आलं म्हणून लगेच फेबुक्सोस्टॅट लिहायचं का?

फिजिशियन, मिरज
चेकअपच्या रिपोर्टात युरिक ॲसिड 7.8, तक्रार टाचदुखीची, आणि चिठ्ठीवर युरिक ॲसिड उतरवणारी फेबुक्सोस्टॅट 40. याला माझा ठाम विरोध आहे. गाऊट म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक साचून होणारा सांध्याचा आजार. त्यात होतो तसा सांधा कधी लाल होऊन सुजलेला नाही, त्या स्फटिकांच्या गाठी नाहीत, मुतखडा नाही, तर नुसत्या आकड्याला गोळी नको. टाचदुखीचं कारण बहुतेक वेळा तळव्याचा ताणलेला पट्टा असतो. आधी चालू असलेल्या गोळ्या वाचा. बीपीच्या टेल्मिसार्टनच्या गोळीतच हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 असेल, तर युरिक ॲसिड वाढवणारं औषध तेच. बीपीसाठी दुसरा पर्याय बसत असेल तर बदला. लोसार्टनने युरिक ॲसिड थोडं उतरतंही. हृदयासाठीची ॲस्पिरिन 75 ही युरिक ॲसिड थोडं वाढवते, पण ती या कारणाने थांबवू नका.

जीपी, तासगाव
सर, आकड्यावर गोळी नको हे मान्य. पण ज्याचा पायाचा अंगठा गाऊटच्या झटक्याने वर्षात तीनदा सुजलाय त्याचं काय? युरिक ॲसिड उतरवणारं दुसरं औषध, ॲलोप्युरिनॉल, 100 ने सुरू करा, दर दोन-चार आठवड्यांनी रक्त तपासून 100 वाढवा, हे कागदावर ठीक. द्राक्षछाटणीच्या दिवसांत बागेतला माणूस इतक्या वेळा दवाखान्यात येणार कसा? तो 100 वरच राहतो, युरिक ॲसिड 6 च्या खाली येत नाही आणि झटके सुरूच. फेबुक्सोस्टॅटला 40 आणि लागलं तर 80, दोनच पायऱ्या. किडनी थोडी कमी काम करत असली तरी डोस बदलावा लागत नाही.

फिजिशियन, मिरज
100 वर अडकणं हा दोष औषधाचा नाही, डोस न वाढवण्याचा आहे. लक्ष्य 6 च्या खाली, गाठी असतील तर 5 च्या खाली. त्यासाठी अनेकांना 300 लागतात, काहींना त्याहून जास्त. सावकाश चढायचं कारणही आहे. सुरुवातीचा डोस मोठा असला की गंभीर ॲलर्जीचा धोका वाढतो, म्हणून किडनी कमजोर असेल तर 100 ची अर्धी गोळी. पहिले दोन महिने जपायचे. अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड, यातलं काहीही दिसलं तर गोळी त्याच दिवशी बंद आणि रुग्ण दवाखान्यात. हे चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या. आणि फेबुक्सोस्टॅट निर्धोक नाही. 2018 च्या केअर्स चाचणीत हृदयविकार असलेल्यांमध्ये हृदयामुळे होणारे मृत्यू ॲलोप्युरिनॉलपेक्षा जास्त दिसले, 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने माहितीपत्रकावर चौकटीतला, म्हणजे सर्वात कडक इशारा छापायला लावला.

जीपी, तासगाव
त्याच चाचणीत निम्म्याहून जास्त लोकांनी औषध मध्येच सोडलं होतं, हेही सांगा ना. 2020 च्या फास्ट चाचणीत तशी वाढ दिसली नाही. स्टेंट असलेल्याला मीही आधी ॲलोप्युरिनॉलच देईन. बाकीच्यांना उगाच घाबरवू नका.

फार्मासिस्ट, सांगली
डॉक्टर, तुमचा वाद रोजच्या गोळीवर चाललाय, पण मला जास्त काळजी झटक्याच्या गोळ्यांची वाटते. झटका शमवणाऱ्या कोल्चिसिन 0.5 च्या दोन गोळ्या, तासाने एक, त्या दिवशी एवढंच. जुलाब लागेपर्यंत घेत राहायची जुनी पद्धत सोडा. जुलाब हीच विषबाधेची पहिली खूण असू शकते. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल चालू असतं आणि दुसऱ्या चिठ्ठीवर कोल्चिसिन येतं. इट्राकोनॅझोल कोल्चिसिनला शरीराबाहेर पडू देत नाही, नेहमीचा डोसही जड होतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि बीपी-हृदयाच्या व्हेरापामिल, डिल्टियाझेमचं तेच. किडनी आधीच कमजोर असेल तर कोल्चिसिनसोबत यातलं काही देऊच नये. दुसरं, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड घेणाऱ्याला वर इटोरिकॉक्सिब 120 ही वेदनाशामक गोळी दिली की किडनीवर तिहेरी भार पडतो. भर उन्हात ऊसतोड करणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला तर नकोच. इतरांनाही 120 ची गोळी आठ दिवसांच्या वर नाही. मेडिकलमध्ये येणाऱ्याला ‘अजून कुठली गोळी चालू आहे?’ एवढं विचारलं तरी यातलं बरंच टळतं.

फिजिशियन, मिरज
अगदी बरोबर. कोल्चिसिन आणि वेदनाशामक दोन्ही चालत नसतील अशा वेळी झटक्यात प्रेडनिसोलोन 30 हे स्टिरॉइड पाच दिवस बरं पडतं, शुगर तपासत राहायची. अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर मात्र ॲलोप्युरिनॉल आणि फेबुक्सोस्टॅट, दोन्हींना हात लावण्याआधी ते लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोला. रक्तपेशी धोकादायक कमी होऊ शकतात.

जीपी, तासगाव
आणि ॲलोप्युरिनॉल, फेबुक्सोस्टॅट या दोन्हींपैकी कुठलीही सुरू केली की पहिल्या महिन्यांत झटके वाढू शकतात, कारण साचलेले स्फटिक विरघळत असतात. रुग्णाला वाटतं गोळी सोसली नाही, आणि तो ती सोडून देतो. झटक्यातही ती सोडायची नाही. सोबत कोल्चिसिन 0.5 रोज एक, तीन ते सहा महिने. किडनी कमजोर असेल तर त्याहून कमी. तेव्हा फार्मासिस्टदादांनी सांगितलेली यादी इथे रोजच लागणार.