वॉकर म्हणजे चालणारा?

लीड्सची_लेक:
इथे इंग्लंडमध्ये लीड्सला येऊन तीन वर्षं झाली. गल्लीत वॉकर आडनावाची तीन घरं, लेकीच्या वर्गात आणखी दोन पोरं. शेजारचे वॉकर आजोबा तर दारातून गाडीपर्यंत जायचं म्हटलं तरी कुरकुरतात. लेक विचारते, यांचे पूर्वज फार चालायचे का? कुलकर्णी-देशपांड्यांचं सांगता येतं, यांचं काय सांगू?

निवृत्त_रंगारी:
ताई, लेक बरोबर बोलली. चालायचेच, फक्त एका जागी! लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा विरळ आणि तेलकट असतं. ते हौदात टाकून तासन्‌तास पायांनी तुडवायचं. धागे आटतात, एकमेकांत गुंततात, कापड दाट होतं. तुडवणारा तो वॉकर. हौदात काय असायचं ते मात्र जेवताना सांगू नका. शिळं मूत. त्यातल्या अमोनियाने लोकरीचं तेल सुटतं. माझी तीस वर्षं इचलकरंजीत प्रोसेसमध्ये गेली, नाकाने काय काय सोसलं ते मलाच ठाऊक, पण या हौदापुढे आमचं खातं म्हणजे अत्तराचं दुकान. पुढे पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले नि पाय सुटले. तुमच्या लीड्सलगतच्या टेंपल न्यूसमची अशी गिरणी ११८५ च्या नोंदीत आहे. काम गेलं, आडनाव चिकटलं.

डेव्हनकर:
आमच्याकडे वॉकर कमी, टकर फार. त्यांचं काय?

निवृत्त_रंगारी:
तेच काम हो! इंग्लंडच्या उत्तरेत वॉकर, नैऋत्येला तुमच्या डेव्हनकडे टकर, आग्नेयेला फुलर. टकरचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या 'छळणे' या क्रियापदात आहे, आणि कापडाचे हाल बघता चुकीचं नाही. डेव्हनमधल्याच एक्सेटरला या कारागिरांच्या संघाचं सभागृह, टकर्स हॉल, अजून उभं आहे, १४७१ चं. फुलर तर तुमच्या न्हाणीघरातही असेल. कापडाचं तेल शोषायला हे लोक जी माती वापरायचे ती फुलर्स अर्थ, म्हणजे आपली मुलतानी माती.

लीड्सची_लेक:
काका, धन्यवाद! आजोबांना मूत वगळून सगळं सांगायचं ठरवलं होतं. लेकीने कुंपणावरून आधी तेवढंच सांगितलं. आजोबा गाडीपर्यंत हसत गेले.