मदत हवी आहे: पोस्टग्रेसच्या बॅकअपसाठी आणि वॉल आर्काइव्हिंगसाठी कोणते साधन निवडावे?

नमस्कार. पणजीतील एका हॉटेल-आरक्षण कंपनीचा पोस्टग्रेस १६ वरील सुमारे ६०० जीबीचा डेटाबेस मी सांभाळतो. एरवी तासाला ३५० च्या आसपास वॉल फायली (डेटाबेसमधील प्रत्येक बदलाच्या नोंदी असलेल्या) तयार होतात. नाताळच्या आठवड्यात संध्याकाळी हाच आकडा ७०० वर जातो. आमची आर्काइव्ह कमांड (भरलेली वॉल फाइल दुसरीकडे जपून ठेवण्यासाठी पोस्टग्रेस चालवते ती आज्ञा) म्हणजे आरसिंक या फायली पाठवणाऱ्या साधनावर घरीच लिहिलेली स्क्रिप्ट असून ती मडगावच्या कार्यालयातील सर्व्हरवर एकेक फाइल पाठवते. १६ एमबीची फाइल २० एमबीपीएसच्या (मेगाबिट प्रति सेकंद) लाइनवरून जायला साडेसहा सेकंद लागतात आणि गर्दीच्या वेळी दर पाच सेकंदांना नवी फाइल तयार होते, त्यामुळे आर्काइव्ह मागे पडत जाते.

खरी धास्ती बसली ती गेल्या जूनमध्ये. पावसात रात्री अकराला लाइन गेली आणि सकाळी पाहिले, तर आर्काइव्ह स्टेटसच्या फोल्डरमध्ये दोन हजारांहून अधिक ‘.रेडी’ फायली (पाठवायच्या राहिलेल्या वॉलच्या खुणा) साचल्या होत्या आणि पीजी-वॉलची (वॉल फायलींच्या फोल्डरची) डिस्क ९४ टक्के भरली होती. आर्काइव्ह झाल्याशिवाय पोस्टग्रेस वॉल फाइल काढत नाही आणि ती डिस्क पूर्ण भरली की डेटाबेसच बंद पडतो, हे वाचून ठाऊक होते. त्या सकाळी ते होण्याच्या बेतात आलेले डोळ्यांनी पाहिले.

बॅकअपच्या साधनांपैकी वॉल-जी मुख्यतः ऑब्जेक्ट स्टोरेजसाठी (एस३सारख्या क्लाउडमधील साठ्यासाठी) असल्याने आम्ही ते बाजूला ठेवले आहे. बारमन या दुसऱ्या साधनाचे स्ट्रीमिंग (वॉल सतत वाहती पाठवणे) आवडले, कारण त्यात फाइल पूर्ण भरण्याची वाट पाहावी लागत नाही. परंतु रेप्लिकेशन स्लॉट (घेणाऱ्याला मिळेपर्यंत वॉल राखून ठेवण्याची सोय) वापरला, तर लाइन गेल्यावर वॉल पुन्हा मूळ सर्व्हरवरच साचणार. माझा कल पीजीबॅकरेस्ट या तिसऱ्या साधनाकडे आहे, कारण त्यात फायली दाबून एकाच वेळी अनेक प्रक्रियांनी पाठवता येतात आणि डिफरन्शियल (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेलेच) व इन्क्रिमेंटल (आधीच्या कुठल्याही बॅकअपनंतर बदललेलेच) बॅकअपही घेता येतात.

अडचण त्यातील ‘आर्काइव्ह-पुश-क्यू-मॅक्स’ या सेटिंगची आहे. साठा मर्यादेपलीकडे गेला की पीजीबॅकरेस्ट ‘आर्काइव्ह झाले’ असे पोस्टग्रेसला कळवून त्या फायली सोडून देते. डेटाबेस चालू राहतो. परंतु वॉलची साखळी तुटते आणि पुढचा बॅकअप होईपर्यंतच्या काळातील हव्या त्या क्षणावर परत जाता येत नाही. आरक्षणाचे पैसे गुंतलेले असताना हे मला पटत नाही.

म्हणून पणजीतच वेगळ्या यंत्रावर पहिली रिपॉझिटरी (बॅकअप व वॉल ठेवण्याची जागा) आणि मडगावला दुसरी, अशी रचना मनात आहे. मडगावची लाइन तुटल्यावर पहिल्या रिपॉझिटरीत फायली जात राहतात का, आणि तेवढ्या वेळात पीजी-वॉल किती फुगते? ज्यांनी अशी रचना प्रत्यक्ष चालवली आहे आणि तिच्यातून रिस्टोर करून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. पीजी-स्टॅट-आर्काइव्हरचे (आर्काइव्हच्या यश-अपयशाची नोंद दाखवणाऱ्या पोस्टग्रेसमधील तक्त्याचे) आकडे हवे असल्यास मी येथेच देतो.