मदत हवी आहे: फिनलंडच्या रेडिओवरचा ऑर्केस्ट्रा शेवटी तुटतो

कुडाळचा: काल रात्री फिनलंडच्या रेडिओवर ऑर्केस्ट्रा ऐकत होतो. अर्धा तास छान चाललं आणि नेमका शेवटी आवाज तुटायला लागला. एक दणका, मग सामसूम, परत दणका, परत सामसूम. रिफ्रेश मारलं तर बाई फिनिशमध्ये बोलतेय, सिंफनी खलास. नेट उत्तम आहे, ते विचारू नका. पुढच्या बुधवारी पुन्हा ऐकायचंय, लवकर सांगा.

फायबरवाला: राउटर कुठे ठेवलाय? मी वायफाय सोडून केबल लावली, तेव्हापासून कटकट नाही.

कुडाळचा: नेट नाही म्हटलं ना.

जुना_ट्रान्झिस्टर: शॉर्टवेव्ह सेट घ्या. आमच्या वेळी सिलोनपासून मॉस्कोपर्यंत सगळं लागायचं.

एस्पोकर: काका, युलेने, म्हणजे फिनलंडच्या सार्वजनिक रेडिओने, शॉर्टवेव्ह २००६ अखेर बंद केलं. कुडाळचा, स्टेशन कुठलं? वाजवत काय होते?

कुडाळचा: युले रेडिओ १, मोबाइलवर. सिबेलियस या फिनिश संगीतकाराची सिंफनी.

खर्ज: सात आहेत हो त्याच्या. कितवी?

कुडाळचा: सांगितलं फिनिशमध्ये, मला काय कळणार! शेवटाकडे हॉर्न झोपाळ्यासारखे मागेपुढे होत होते.

खर्ज: मग पाचवी. तुटलेलं काही नाही. शेवटी सहा सुटे ठोके आहेत, मधे पूर्ण शांतता, त्याने लिहिलंयच तसं. हॉर्नची ती धून म्हणजे त्याचे हंस. १९१५ च्या एप्रिलमध्ये त्याने सोळा हंस उडताना पाहिले होते. पहिला प्रयोग हेलसिंकीत, ८ डिसेंबर १९१५, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी. मग दोनदा बदललं, आत्ताचं रूप १९१९ चं.

फायबरवाला: म्हणजे १९१९ पासून बफरिंग. तरी केबल लावून बघा.

कुडाळचा: सहा कुठले? मी तीनच ऐकले.

खर्ज: तिसऱ्यानंतर रिफ्रेश मारलंत.

समेवर_टाळी: ही तर दमदार तिहाई झाली, एकच तुकडा मधे दम घेत तीनदा!

खर्ज: तिहाईत मधल्या दमाचं माप लयीत पक्कं कळतं. इथे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पुढचा ठोका कधी येणार हेच कळत नाही. उगाच जुळवू नका.

समेवर_टाळी: लय त्यांच्याकडेही असते, पंडितजी. निवेदक मोजूनच हात खाली आणतो.

खर्ज: निवेदक नाही, कंडक्टर.

एस्पोकर: कुडाळचा, बुधवारची वेळ बघून ठेवा. या रविवारी इथली, फिनलंडमधली, घड्याळं एक तास मागे जातात. सातची मैफल तुमच्याकडे साडेनऊला नाही, साडेदहाला. वाजवणारा ऑर्केस्ट्रा रेडिओचाच, १९२७ पासूनचा, हेलसिंकीच्या म्युझिकतालो या संगीतगृहातून. नंतर अरेनावरही, म्हणजे युलेच्या ऑनलाइन सेवेवर, ठेवतात, पण त्यातलं काही फिनलंडबाहेर उघडत नाही.

कुडाळचा: साडेदहा? सकाळी पाचला उठायचं असतं मला.

मे_महिना: फिनलंडचा व्हिसा किती दिवसांत मिळतो? आम्ही दोघं जाणार आहोत.

एस्पोकर: वेगळा धागा काढा.

खर्ज: कुडाळचा, बुधवारी रौतावारा या फिनिश संगीतकाराचं ‘कांतुस आर्क्तिकुस’ लागलं तर आधीच सांगतो, त्यात टेपवरचे खरे पक्षी ओरडतात. १९७२ पासून.