दुरुस्ती कोण करणार ते आधी ठरवा
काहीजण म्हणतात की वस्तू स्वस्त केली की गरीब वस्त्यांमधे आपोआप चालते. मला नाही पटत. किंमत एकदा मोजायची, दुरुस्ती मात्र कायमची.

आपल्याकडचा हातपंपच घ्या ना. आधीचे बिडाचे पंप मुळात एका कुटुंबापुरते, इथे अख्खं गाव त्यावर पाणी भरणार, मग ते तुटणारच. सोलापूरकडे त्यावर उपाय म्हणून स्टीलचा, साखळीवाला दणकट पंप निघाला आणि त्याच्यावरून १९७० च्या दशकात युनिसेफ, सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास (मूळची आपल्या मुंबईतल्या भायखळ्याची कंपनी) यांनी मिळून इंडिया मार्क २ हा हातपंप केला, तोही पेटंटशिवाय, त्यामुळे कोणीही बनवू शकलं. पण त्यातही वॉशर बदलायला सगळे पाइप वर खेचायला लागायचे, मेकॅनिक बाहेरून येईपर्यंत बायका लांबून पाणी आणणार. म्हणून मार्क ३ मधे पाइप रुंद केला, त्यामुळे पिस्टन (आतला दट्ट्या, ज्याला वॉशर असतो) नुसता वर ओढून काढता येतो. खरं डिझाइन हे!

उलट आफ्रिकेतला प्लेपंप, मुलांच्या खेळायच्या चक्रावर चालणारा पाण्याचा पंप. पैसा भरपूर आला पण बिघडला की गावात कुणालाच जमेना आणि मुलं नसली की बायकाच ते चक्र फिरवत बसायच्या.

आमच्याकडे मुंबईत मानखुर्दला एका वस्तीत सोलर दिवे लागले होते, बॅटरी फक्त देणाऱ्यांकडेच मिळायची, ती गेली आणि खांब तसेच उभे आहेत. माझं तर स्पष्ट मत आहे, जो पार्ट लॅमिंग्टन रोडवर (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) किंवा जवळच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळत नाही तो डिझाइनमधे घेऊच नका, मग वस्तू दोनशे रुपयांनी महाग झाली तरी चालेल.